गिधाड्याच्या चौकीचा रस्ता

ता. ३ मे १९०७, शुक्रवार. जुन्नर

पुण्याहून वणव्याचा कागद फिरून आला. समासात मोठ्या साहेबाची लाल पेन्सिलीने एकच ओळ: गिधाड्या डोंगरावरच्या चौकीचा रस्ता सोडून दिलेला असता गार्ड चौकीवर गेला कसा? एवढ्या एका ओळीने आमच्या रेंजर रावसाहेबांना (पुढे रा. सा.; यापेक्षा जास्त शाई त्यांच्यावर खर्चायची नाही) घाम फुटला. उपरण्याने मान पुसत तीनदा खुर्चीवरून उठले, तीनदा बसले. एरवी दिवसभरात एवढा व्यायाम होत नाही.

प्रकरणात तसं काही नाही. मार्चअखेर गिधाड्याच्या उतारावरचं राखीव रान जळालं. गार्ड दादूमियाँची जबानी मीच लिहिली: 'दुपारचे सुमारास चौकीवरून पाहिले असता तळपेवाडीचे राबातून धूर निघून आग जंगलात शिरताना समक्ष पाहिली.' खाली त्याचा अंगठा. सुरेख उतरली आहे, एक खाडाखोड नाही.

राब म्हणजे त्या कोळ्यांचं एक खूळ. शेण, पाला, गवत शेतात अंथरायचं, वरून माती टाकून भाजायचं, आणि त्या राखेत भाताची रोपं टाकायची. जबानी मान्य झाली की वाडीला सात वर्षं जंगल बंद. पाला तोडायचा नाही, गुरं सोडायची नाहीत. पाला नाही तर राब नाही, राब नाही तर भात नाही. त्यांचं ते बघून घेतील. आग लावताना कोणी मला विचारलं होतं?

रा. सा. म्हणाले, "तुम्ही स्वतः वर जाऊन या आणि रस्ता चालता आहे असा रिपोर्ट द्या."

म्हटलं, "चालता नसला तर?"

"नसेल कसा? गार्डची जबानी आहे ना?"

धन्य! वर पुस्ती, "तुमच्या कायम होण्याचा कागदही त्याच डाकेने पाठवू म्हणतो." तीन वर्षं हंगामी म्हणून घासतो आहे. म्हणजे डोंगर चढणं आलं.

ता. ५, रविवार

बाजाराचा दिवस. धूळ, बैल, बोंबाबोंब. दादूमियाँ बाजारातच सापडला, चुलतभावाच्या दुकानापुढे उकिडवा बसलेला. याचे वाडवडील कागदी. जुन्नरचा कागद एके काळी पेशव्यांच्या दफ्तरात जायचा म्हणतात. आता गिरणीचा कागद आला, कागद्यांचे हौद कोरडे पडले आणि हा जंगलात गार्ड झाला. कागद करणाऱ्यांच्या घरातला माणूस, अक्षरशत्रू. सही म्हणून अंगठा.

उद्या निघायचं म्हटल्यावर तोंड एवढंसं झालं. "वर कशाला जाता साब? वर काय बी नाय आता."

"तू गेला होतास ना मार्चात?"

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याचं डोकं का खाजतं कोण जाणे.

ता. ६, सोमवार. तळपेवाडी

आपटाळ्यापर्यंत बैलगाडी, पुढे पायपीट. पुणेरी जोड्याने दोन्ही टाचा सोलल्या. वाडी म्हणजे बारा-पंधरा खोपटी आणि त्याच्या दुप्पट कुत्री. आम्हाला पाहून पुरुषमाणसं घरामागे पसार. सरकारी माणूस दिसला की यांना एकच उपाय सुचतो.

उरली एक बाई. ठमाबाई. साठीची असेल, काळी, चिवट, कमरेला कोयता. चौकी होती तेव्हा हिचा नवरा तिथला राखणदार होता. बारा वर्षं नवरा-बायको वरच राहिली. नवरा मेला, चौकी मोडली, ही खाली आली. रस्ता दाखवायला हीच येणार. मी विचारलं, रस्ता बरा आहे का?

"कंचा रस्ता?"

"चौकीचा."

माझ्या जोड्यांकडे पाहून ती हसली. तिला चार दात आहेत, चारही दिसले.

देवळाच्या ओसरीवर मुक्काम. घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या. दादूमियाँने पलीकडे तोंड करून स्वतःची भाकरी खाल्ली.

ता. ७, मंगळवार. तळपेवाडी, परत आल्यावर

आजचं सगळं लिहून काढतो. पाय सुजलेत, पण उद्यापर्यंत थांबलो तर मी आपल्याला सोयीचं तेवढंच आठवेन. मला मी चांगला ओळखतो.

पहाटे निघालो. पायथ्याशी रस्त्याचा दगड आहे, त्यावर आकडा कोरलेला, त्यावर शेळीच्या लेंड्या. हा रस्ता कोण्या जुन्या साहेबाने बांधवला. कागदोपत्री कारण 'वणव्यावर नजर ठेवणे'. ठमाबाई म्हणते, मडमेला खुर्चीत बसवून वर न्यायचे, सूर्य बुडताना बघायला. सूर्य बुडाला की खाली. नंतरच्या साहेबाची मडम विलायतेतच राहिली, म्हणून रस्त्याची गरज संपली. राज्यकारभार म्हणतात तो हा.

पहिला पाव मैल बरा. दगडी कठडा, मोऱ्या, घोडा चालेल अशी चढण. पुढे मोरी कोसळलेली, आणि तिथून रस्ता नाहीच. कारवीचं रान डोक्याच्या वर, त्यात करवंदीच्या जाळ्या. ठमाबाई पुढे कोयत्याने तोडते, मागे मी धोतर सोडवतो, शेवटी दादूमियाँ. धोतराची अवस्था लिहीत नाही. एका ठिकाणी रस्त्याच्या ऐन मधोमध माझ्या मनगटाएवढ्या खोडाचं झाड. मनगटाएवढं झाड मार्चनंतर उगवत नाही, एवढं मलाही कळतं.

मी थांबलो. दादूमियाँला म्हटलं, "तू मार्चात इथून वर गेलास?"

त्याने वाकून पायातला काटा उपटला.

"उडत गेलास काय रे?"

"साब, पाणी प्या," म्हणाला. मला इतका संताप आला की वाटलं इथेच बडतर्फ करावं. मला तो अधिकार नाही ही गोष्ट निराळी. पठ्ठ्याने मला खोटी जबानी देऊन तोंडघशी पाडलं, आणि वर पाणी प्या म्हणतो! वर पोचेपर्यंत मनात त्याच्यासाठी रिपोर्टातली वाक्यं जुळवत चढलो. फार कडक जुळली होती.

माझ्या तांब्यातलं पाणी दहाच्या सुमारास संपलं. पुढे कड्याखाली झरा, ठमाबाईने ओंजळीत धरून दिलं. प्यालो. इथे लिहितो, जुन्नरात बोलणार नाही.

दुपार व्हायला आली तेव्हा माथ्यावर. चौकी म्हणजे आता एक चौथरा. खांबांची चार भोकं, एका भोकात सरड्याचं बिऱ्हाड. चुलीचे तीन दगड तेवढे जागच्या जागी. ठमाबाई त्यांच्यापाशी बसली आणि पदराने एकेका दगडावरची धूळ पुसली. मी दुसरीकडे पाहिलं.

एका बाजूला कुकडीचं खोरं, दुसऱ्या बाजूला घोड नदीचं. पूर्वेला शिवनेरी, तळहातावर ठेवल्यासारखी. सगळं दिसतं. एक सोडून. म्हटलं, "तळपेवाडीचे राब कुठे?"

ठमाबाईने हनुवटीने दाखवलं. मध्ये डोंगराची एक सोंड उतरलेली, जाड, उंच. वाडी तिच्यामागे, राबही तिच्यामागे. चौथऱ्यावर चढलो, टाचा उंचावल्या. एक शेतही दिसत नाही.

"तुमच्या कागदात काय लिवलंय त्ये वाचा की," ती म्हणाली.

पिशवीतून नक्कल काढली आणि वाचली. दुपारचे सुमारास. चौकीवरून पाहिले असता. समक्ष. त्या चौथऱ्यावर उभं राहून ते वाक्य मोठ्याने वाचताना माझा आवाज मलाच परका वाटायला लागला.

ठमाबाई हसली नाही. "दुपारी राब? दुपारी राब येडं बी पेटवीत न्हाई, दादा. वारा असतोय. राब सकाळचा, दंवावर, आन् वरल्या अंगानं लावायचा. मंग त्यो दमानं खाली उतरतोय. त्याचा धूर लई जड, भुईला धरून ऱ्हातोय. वनव्याचा धूर निराळा. बारा वरसं हितं बसून त्योच बघितला. धनी तापानं पडून असायचा, मीच बघायची. सायब आला की त्याला उठवून उभा करायची."

म्हणजे बारा वर्षं सरकारचं जंगल हिने राखलं आणि नाव नवऱ्याचं. यात मला नवल वाटलं नाही, आमच्या कचेरीतही कामं अशीच होतात.

मग दादूमियाँ बोलला. दोन दिवसांत पहिल्यांदा धड बोलला.

"कारकूनसाब, हे मी बोललोच नाय."

"मग हा अंगठा कुणाचा?"

"अंगठा माझाच. बोललो मी वेगळं. बोललो, ओढ्यावर भाकर खात व्हतो, वर बघितलं तर धूर. तुमी लिवत व्हते. लिवून झालं, तुमी बोट दाखवलं, मी अंगठा दिला. तुमी वाचून थोडंच दाखवलं?"

आणि मला आठवलं. अगदी लख्ख आठवलं. तो बोलत होता, जेवायची वेळ झालेली, आणि माझ्यासमोर माझ्या आधीच्या कारकुनाचा जुना मसुदा उघडा होता. चौकी चालू होती त्या काळचा. गिधाड्याच्या बाजूचा वणवा म्हटला की आमच्या कचेरीत तोच मसुदा काढायचा, गावाचं नाव बदलायचं आणि उतरवायचा. आधीचा कारकून तसंच करायचा, मीही तसंच करतो. गार्ड काय बोलतो ते ऐकायचं कशाला, वणवे सगळे सारखेच. दुपारचे सुमारास, चौकीवरून, समक्ष. सगळं मसुद्यातलं. सुरेख उतरली म्हणून परवा स्वतःची पाठ थोपटून घेतली, ती उतरलीच होती. दुसऱ्याची.

डोंगर चढताना ज्याला मनात बडतर्फ केला तो खोटं बोललाच नव्हता. खोटं मी लिहिलं होतं, आणि तेसुद्धा कंटाळ्याने. लाच खाऊन लिहिलं असतं तर निदान अक्कल वापरली असं झालं असतं.

बसलो. उन्हाने चौथरा तापलेला, तरी बसलो.

"आग लागली कुठून मग?" मी विचारलं.

सांगायची गरज नव्हती, दिसत होतं. सोंडेच्या या अंगाला, वाडीपासून मैलभर लांब, आमच्या खात्याची जाळपट्टी आहे. वणवा पुढे सरकू नये म्हणून दरसाल गवत आपणच जाळून पट्टा मोकळा करतात, ती. जळालेलं रान तिथूनच सुरू होतं आणि पसरत पसरत वर येतं. ठमाबाईने बोटाने काळी कड दाखवली. बुंधे खालच्या अंगाला जळालेत, वरच्या अंगाला साल शाबूत.

"पट्टी कोणी जाळली?"

दादूमियाँने पुन्हा टोपी काढली. "पट्टी सकाळीच जाळायची असती साब. रावसाब बोलले, मी आल्याबगर लावायची नाय. रावसाब आले बारा वाजता. छत्री घेऊन जांभळीखाली बसले. बोलले, लावा आता. वारा व्हता. मी बोललो, साब, वारा हाय. बोलले, तू मला शिकवतो का? लावली, मंग ओढ्यावर भाकर खायला बसलो, तवर आग रानात शिरली."

कुंपणानेच शेत खाल्लं, आणि सात वर्षं उपाशी राहणार तळपेवाडी.

वाडीत शिरताना ठमाबाई म्हणाली, "आता काय लिवनार?"

म्हटलं, बघू.

"बघितलं की आत्ता," ती म्हणाली आणि कोयता कमरेला खोचून घरी गेली.

ता. ९, गुरुवार. जुन्नर

रा. सा. उसाच्या रसाचा पेला घेऊन बसले होते. "आहे ना रस्ता चालता?"

"नाही. वर चौकीही नाही. आणि तिथून वाडीचे राबही दिसत नाहीत." एवढं बोललो. जाळपट्टीचं बोललो नाही. धैर्य असं हप्त्याहप्त्याने येतं आमच्याकडे.

पेला खाली ठेवला. रागावले नाहीत, हेच वाईट. "तुम्ही चालत वर गेलात ना? मग रस्ता चालता आहे. याहून काय पुरावा हवा?" आणि हसले. मग हळूच, "जबानी तुमच्या हातची आहे. खोटी ठरली तर गार्ड जाईल, आणि मागोमाग लिहिणारा. मला तुमचीच काळजी वाटते."

हे काळजीवाहू! बारा वाजता छत्री घेऊन वणवा लावणारे!

पण म्हणाले ते बरोबर आहे, म्हणून जास्त संताप.

ता. १०, शुक्रवार

जुनी बाडं काढून बसलो. कोणी सांगितलं नव्हतं. गिधाड्याच्या बाजूची माझ्या हातची आणखी दोन प्रकरणं निघाली, दोन वाड्या. दोन्हीकडे दुपारचे सुमारास, चौकीवरून, समक्ष. दोन्ही वाड्यांना जंगल बंद झालेलं. एकीतली निम्मी माणसं मुंबईला गोदीत गेली असं शिपाई सहज म्हणाला होता, मागच्या होळीला. मी तेव्हा म्हटलं होतं, या लोकांना शेती नकोच असते.

अक्षर फार वळणदार आहे माझं. तिन्ही जबान्या शेजारी ठेवल्या, ठसे वेगळे, अक्षर एक. शाळेत पंतोजी याच अक्षराचं कौतुक करायचे. जेवलो नाही.

ता. ११, शनिवार

दोन रिपोर्ट लिहिले.

पहिला: रस्ता जुना असून काही ठिकाणी झुडपे वाढली आहेत तथापि पायी जाता येते, मी स्वतः गेलो. प्रत्येक शब्द खरा. कारकुनी म्हणजे काय ते यात सगळं आलं.

दुसरा: चौकी अस्तित्वात नाही. तेथून राब दिसत नाहीत. जबानीतील मजकूर गार्डने सांगितलेला नसून मी जुन्या मसुद्यावरून लिहिला आणि त्यास वाचून दाखवला नाही. आग खात्याच्या जाळपट्टीतून गेली, ती पट्टी दुपारी कोणाच्या हुकमाने जाळली त्याचा तपास व्हावा. मागील दोन प्रकरणांतील जबान्याही अशाच. हा मात्र खाडाखोडीने भरला. तीनदा उतरवून काढला, तरी 'मी' शब्दावर शाई सांडलीच.

दोन्हींवर सही केली. एक फाडणं सोपं जावं म्हणून म्हणे. मी स्वतःलाही कशा थापा मारतो!

ता. १२, रविवार

सकाळीच दादूमियाँ दारात. आत ये म्हटलं, आला नाही. पायरीखाली उभा राहून डाव्या हाताचा अंगठा पुढे केला.

"माझा अंगठा मला परत द्या."

मला हसू आलं. अंगठा परत कसा देणार? एकदा उठला तो उठला, कागद नोंदवला गेला, वर गेला, असं त्याला समजावत होतो. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "आमच्या बापानं कागद केले साब. खोटं लिवायला नाय केले." आणि हसू गेलं ते गेलंच.

म्हणाला, उद्या पुण्याला निघतो, पायी, मोठ्या साहेबाला तोंडाने सांगतो. ठमाबाई बरोबर येते आहे. राबाचा धूर कसा असतो ते ती साहेबाला सांगणार म्हणे. मी म्हटलं, "वेडा आहेस. नोकरी जाईल."

"जाईल," म्हणाला. जसं काही मी पाऊस येईल म्हटलं होतं.

माझ्याकडे काहीही मागितलं नाही. अंगठ्याखेरीज.

ता. १३, सोमवार

गेले दोघं. बाजारपेठेतून जाताना पाहिलं. ती पुढे, डोक्यावर भाकऱ्यांचं गाठोडं. तो मागे, खात्याची टोपी घरी ठेवून, बोडका. आपटाळ्याकडचा एक ओळखीचा भेटला, त्याने विचारलं, "कुठं निगालात?" ठमाबाई म्हणाली, "सायबाला शानं कराया." मी पानाच्या दुकानाआड झालो. तळपेवाडीचे पुरुष आम्हाला पाहून घरामागे पळाले, त्यांना मी हसलो होतो.

रा. सा. ना बातमी लागली. चिडले नाहीत याही वेळी. "जाऊ दे की. अडाण्याच्या बोलण्याला काय किंमत? साहेब कागद पाहतो." मग माझ्यासमोर माझ्या कायमपणाचा कागद ठेवला. शिफारस लिहिलेली, सही व्हायची. "तुमचा रिपोर्ट आणा. दोन्ही उद्या बरोबर टाकू." 'आणा' म्हणताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कोणता आणणार याबद्दल त्यांना शंकाच नाही. तीन वर्षांत मी त्यांना कधी शंका येऊ दिलेली नाही.

ता. १४, मंगळवार

अकराला डाक. आता साडेदहा.

दोन्ही रिपोर्ट समोर. आज मला कोणालाही हसता येत नाही, ही एक नवीच पंचाईत. रा. सा. आतल्या खोलीत ढेकर देत आहेत. त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय, तर त्यांनी आग लावली ते त्यांना तिथेच दिसलं. मला दिसायला डोंगर चढावा लागला.

पहिला पाठवला तर कायम. बायकोला गेल्याच आठवड्यात सांगून बसलो आहे. दुसरा पाठवला तर बहुधा महिन्याभरात घरी. मग माझं हे वळणदार अक्षर घेऊन कुठे जायचं? बाजारात बसून अडाण्यांची पत्रं लिहायची. तेही नीट ऐकून घ्यावं लागेल.

ते दोघं आज कुठवर पोचले असतील? दोन-तीन दिवसांत पुण्यात असतील. साहेब त्यांना उभं करील न करील. केलंच तर तिचं सगळं ऐकून घेईल, आणि मग माझ्या हातची जबानी काढून दादूमियाँपुढे ठेवील. विचारील, अंगठा तुझाच ना? कागदावर दुसरं काहीच नसेल तर तेवढ्या एका प्रश्नात तो बुडाला, आणि वाडीही. तो नाही कसं म्हणणार? माणूस खरं बोलणारा आहे. हो म्हणेल.

डाकवाला पायरीवर आला. पिशवीचं तोंड उघडं धरून उभा आहे.